पेटलेली नदी आणि तिसरीचा गृहपाठ

गेल्या जूनमध्ये पुण्याला भावाकडे गेले होते. शाळा नुकत्याच सुरू झालेल्या. भाची तिसरीत. स्वयंपाकघराच्या दारात फतकल मारून बसली होती, मांडीवर वही, हातात टोक झिजलेली पेन्सिल.

"आजी, तू लहान होतीस तेव्हा तुमच्याकडे पाणी कुठून यायचं गं?"

माझी आई गवारीच्या शेंगा मोडत होती. तिचे हात थांबले. "वाड्यात हौद होता आमच्या," ती म्हणाली, "कात्रजच्या तळ्याचं पाणी यायचं त्यात. पेशव्यांनी जमिनीखालून आणलेलं. नळही होता, खडकवासल्याचा. पण एकसष्ट साली पानशेतचं धरण फुटलं ना..." आणि मग पुढचा अर्धा तास आम्ही १२ जुलै १९६१ च्या पुण्यात होतो. पूर ओसरला, पण नळ कोरडे पडले आणि लोक पुन्हा विहिरी-हौदांवर बादल्या घेऊन गेले, हे मी इतक्या वर्षांत तिच्या तोंडून पहिल्यांदाच ऐकलं.

भाचीनं वहीत तीन शब्द एकाखाली एक लिहिले. हौद. नळ. तिसरा तिनं स्वतःच्या मनानं घातला: टँकर. कारण त्यांच्या सोसायटीत मे महिन्यात टँकर येतो.

मी ते पान पाहत राहिले. नानासाहेब पेशव्यांच्या काळापासून आजपर्यंतचा, म्हणजे जवळजवळ पावणेतीनशे वर्षांचा पुण्याच्या पाण्याचा इतिहास तीन शब्दांत! आणि तो कुणी लिहिला? आठ वर्षांच्या मुलीनं, एका प्रश्नाच्या जोरावर.

हा प्रश्न तिच्या वहीत आला कुठून? बाईंनी दिला. बाईंना कुठून सुचला? 'परिसर अभ्यास' या विषयातून. आणि हा विषय शाळेत कुणी आणला? त्या धाग्याचं टोक धरून मी मागे मागे गेले आणि जिथं पोहोचले, तिथं एक नदी जळत होती.

हो, नदी. पाण्यानं आग विझते हे आपल्याला चालायला लागण्याआधीच कळलेलं असतं. पण १९८० च्या दशकात हरिद्वारजवळ गंगेत एक जळती काडी पडली आणि पाण्यानंच पेट घेतला! पाण्यावर कारखान्यातून आलेल्या रसायनांचा तवंग होता. ज्या नदीचं पाणी तांब्यात भरून, वर लाख लावून आपण घरी आणतो, देव्हाऱ्यात ठेवतो, ती नदी पेटली.

एम. सी. मेहता नावाच्या वकिलांनी १९८५ साली गंगेच्या प्रदूषणाची तक्रार घेऊन थेट सर्वोच्च न्यायालय गाठलं. नदी अडीच हजार किलोमीटरची. खटला कुठून सुरू करायचा? न्यायालयानं एक शहर निवडलं, कानपूर. तिथं चामडं कमावणारे कारखाने होते, गोठे होते, गटारं होती आणि या सगळ्यांची वाट शेवटी एकाच ठिकाणी जात होती. १९८७ साली चामड्याच्या कारखान्यांबद्दल निकाल लागला: सांडपाण्यावर प्रक्रिया करा, नाहीतर टाळं लावा. १२ जानेवारी १९८८ ला दुसरा निकाल आला, तो नगरपालिकेबद्दलचा. गोठ्यांचं शेण नदीत जाऊ देऊ नका, मलवाहिन्या टाका, प्रेतं नदीत सोडू देऊ नका.

इथपर्यंत सगळं अपेक्षित. पण याच निकालात, गटारांच्या आणि शेणाच्या आदेशांसोबत, न्यायमूर्ती ई. एस. वेंकटरामय्या एकदम शाळेत शिरतात!

ते सांगतात की देशातल्या सगळ्या शाळांमध्ये पहिल्या दहा इयत्तांना आठवड्यातून किमान एक तास निसर्गाच्या रक्षणाबद्दल शिकवलं जावं. जंगलं, तळी, नद्या, वन्यजीव, सगळ्यांबद्दल. केंद्र सरकारनं त्यासाठी पुस्तकं लिहून घ्यावीत आणि ती फुकट वाटावीत. शिक्षकांसाठी छोटे प्रशिक्षणवर्ग घ्यावेत. आणि मुलांना स्वच्छता शिकवायची सुरुवात कुठून करावी? घरापासून. घराच्या आतून आणि बाहेरून.

विचार करा. खटला कानपूरच्या गटारांचा आणि आदेश रत्नागिरीतल्या, गडचिरोलीतल्या, कोहिमातल्या पहिलीच्या वर्गासाठी. हे असं का?

आपल्याकडचे जुने फॅमिली डॉक्टर आठवा. ताप आला म्हणून गेलात की गोळी द्यायचेच. पण चिठ्ठी हातात ठेवताना विचारायचे, "पाणी उकळून पिता ना?" गोळी आजच्या तापासाठी, प्रश्न पुढच्या तापासाठी. मलवाहिनी ही गोळी होती. शाळेतला तास हा उकळलेल्या पाण्याचा प्रश्न होता.

पण न्यायालयाला हे सांगण्याचा अधिकार आला कुठून? इथं धागा आणखी मागे जातो, थेट राज्यघटनेपाशी. आणि तिथं आणखी एक गोष्ट दिसते. १९५० साली घटना लागू झाली तेव्हा पर्यावरणाच्या रक्षणाचं असं वेगळं कलम तिच्यात नव्हतंच! १९७२ साली स्टॉकहोमला जगभरातले देश पहिल्यांदा पर्यावरणासाठी एकत्र बसले, इंदिरा गांधी तिथं बोलल्या आणि १९७६ मध्ये बेचाळिसाव्या घटनादुरुस्तीनं दोन नव्या गोष्टी घटनेत आल्या. कलम ४८-अ: जंगलं आणि वन्यजीव यांचं रक्षण करणं हे राज्याचं काम. आणि कलम ५१-अ चं पोटकलम (छ), इंग्रजी प्रतीत (जी): नद्या, तळी, जंगलं, वन्यजीव यांचं रक्षण करणं आणि प्राणिमात्रांबद्दल दया बाळगणं हे प्रत्येक नागरिकाचं कर्तव्य.

एक कलम सरकारचं, एक तुमचं-माझं. टाळी एका हातानं वाजत नाही हे घटनेत इतक्या नेटकेपणानं लिहून ठेवलंय.

आता त्या दुसऱ्या कलमात काय नाही ते बघा. वय नाही! मत द्यायला अठरा वर्षं लागतात, गाडी चालवायला अठरा लागतात. पण नदी सांभाळण्याच्या कर्तव्याला वयाची अट नाही. माझी भाची आज, आत्ता, आठव्या वर्षी त्या कलमात बसते. आणि ज्याचं कर्तव्य आहे त्याला ते शिकवायला नको? न्यायमूर्तींनी नेमकं हेच ओळखलं.

मग झालं का सगळं एका निकालानं? छे. १९९१ साली मेहता पुन्हा न्यायालयात होते, या वेळी केवळ शिक्षणासाठी आणि जागृतीसाठी. २२ नोव्हेंबर १९९१ ला निकाल आला. पीठावर होते सरन्यायाधीश रंगनाथ मिश्रा. ते निवृत्त झाले २४ नोव्हेंबरला. म्हणजे पदावरचे शेवटचे दोन दिवस उरले असताना त्यांनी देशातल्या प्रत्येक शाळेच्या वेळापत्रकावर आपला ठसा उमटवला!

त्या निकालातल्या आदेशांची यादी वाचताना माझे डोळे विस्फारले. प्रत्येक चित्रपटगृहानं, अगदी गावोगाव फिरणाऱ्या तंबूतल्या टुरिंग टॉकीजनंसुद्धा, प्रत्येक खेळात पर्यावरणाच्या किमान दोन स्लाइड फुकट दाखवायच्या. आकाशवाणी आणि दूरदर्शननं रोज काही मिनिटं द्यायची. आणि प्रत्येक राज्यानं, प्रत्येक शिक्षण मंडळानं पर्यावरण हा विषय सक्तीचा करायचा, टप्प्याटप्प्यानं, इयत्तेला झेपेल असा. सिनेमा, रेडिओ, टीव्ही, शाळा. त्या काळात माणसापर्यंत पोहोचायच्या जेवढ्या वाटा होत्या तेवढ्या सगळ्या एकाच कागदावर.

त्यामागचा विचार साधा आणि खोल होता. कायदा कितीही कडक करा, तो पाळला जातो तो लोकांना पटला तरच. प्रत्येक ओढ्यावर, प्रत्येक झाडाखाली पोलीस उभा करता येत नाही. पण प्रत्येक ओढ्याकाठी एखादं मूल तर असतंच ना?

तरीही गाडं रुतलं. शेवटी १८ डिसेंबर २००३ रोजी न्यायालयानं एनसीईआरटीला, म्हणजे शालेय शिक्षणाच्या राष्ट्रीय परिषदेला, सांगितलं की पहिली ते बारावीचा नमुना अभ्यासक्रम तुम्हीच करून आणा. २००४ मध्ये त्याला मान्यता मिळाली. १९८८ ते २००४, सोळा वर्षं! इतका वेळ का लागला? सरकारी दिरंगाई हे एक उत्तर. पण दुसरं उत्तर जास्त गमतीचं आहे: हा विषय शिकवायचा कसा, हेच मुळात भयंकर अवघड कोडं होतं.

सांगा बरं, पर्यावरण हा कुठला विषय? नदीचं पाणी का नासलं हे रसायनशास्त्र. नदी कुठून येते हा भूगोल. तिच्या काठी गाव का वसलं हा इतिहास. गाव किती पाणी पितं हे गणित. तिच्यावरच्या ओव्या ही मराठी. मग नदी कुठल्या तासाला शिकवायची?

शिक्षणतज्ज्ञांपुढे दोन वाटा होत्या. मी त्यांना मीठ आणि लोणचं म्हणते. लोणच्याची वाट म्हणजे ताटात वेगळी फोड: वेगळा विषय, वेगळं पुस्तक, वेगळे गुण. दिसायला ठसठशीत, पण पोरं ते पानाच्या कडेला सारून ठेवण्याची भीती. मिठाची वाट म्हणजे प्रत्येक पदार्थात थोडं थोडं: गणितात, भाषेत, विज्ञानात. चव सगळीकडे, पण आचारी विसरला तर? मीठ घातलं की नाही हे चाखल्याशिवाय कळत नाही!

आपल्याकडे अखेर वयाप्रमाणे दोन्ही वाढायचं ठरलं. पहिली-दुसरीत वेगळं पुस्तकच नको, भाषेत आणि गणितातच परिसर येऊ दे. तिसरी ते पाचवी 'परिसर अभ्यास' हा अख्खा विषय. ही कल्पना एनसीईआरटीनं १९७५ सालीच मांडलेली होती. त्या वयाच्या मुलाला विज्ञान, इतिहास, भूगोल असे कप्पे दिसतच नाहीत, त्याला अख्खं जग एकदम दिसतं, मग आपण ते तोडायचं कशाला? सहावीपासून पुन्हा मीठ, सगळ्या विषयांत विरघळलेलं. आणि वरच्या वर्गात लोणचं: महाराष्ट्रात आज नववी-दहावीला 'जलसुरक्षा' नावाचा स्वतंत्र विषय आहे. ज्या राज्यात पाऊस कोकणात धो धो कोसळतो आणि माणदेशात हुलकावणी देतो, त्या राज्यानं आपल्या मुलांसाठी पाण्याचंच पुस्तक काढावं, हे मला फार मोठं वाटतं.

खरं तर या विचाराचं एक मूळ आपल्या अंगणातच आहे. ऑक्टोबर १९३७ मध्ये वर्ध्याला गांधीजींनी शिक्षण परिषद भरवली. तिथून 'नई तालीम' निघाली. मुलानं हातानं काम करत, आपल्या मातीतून, आपल्या कापसातून शिकावं, ही तिची कळ. सूत कातताना गणित, वाफा खणताना विज्ञान. 'पर्यावरण शिक्षण' हा शब्द रूढ व्हायच्या कितीतरी आधी वर्ध्यात मुलं ते शिकत होती.

आता पुस्तकाकडे येऊ. पुण्यात २७ जानेवारी १९६७ ला पाठ्यपुस्तक मंडळ स्थापन झालं, आपली 'बालभारती'. तिसरीच्या परिसर अभ्यासात या बालभारतीनं असं काही केलंय की मी थक्कच झाले. हे पुस्तक जिल्ह्याजिल्ह्याला वेगळं! सिंधुदुर्गचं निराळं, लातूरचं निराळं, गोंदियाचं निराळं. मुखपृष्ठावर जिल्ह्याचं नाव.

हे किती मोठं काम आहे ते लक्षात घ्या. एकच पुस्तक लाखोंनी छापणं म्हणजे तयार सदरे शिवून दुकानात टांगणं. जिल्हागणिक पुस्तक म्हणजे प्रत्येकाच्या खांद्याचं माप घेऊन शिवणारा शिंपी. पण माप घेण्याला पर्यायच नाही. गोंदियाच्या मुलाचा परिसर म्हणजे जुने तलाव आणि भाताची खाचरं. सिंधुदुर्गच्या मुलाचा परिसर म्हणजे भरती-ओहोटी. त्या दोघांना एकच धडा दिला, तर एकाला तो खरा वाटेल आणि दुसऱ्याला गोष्टीतला. आणि गोष्टीतली नदी वाचवायला कोण उठतं?

तर शासनानं दोन गोष्टी दिल्या: एक तास आणि एक पुस्तक. पण तासभर पुस्तक वाचून नदी कळते का? इथं मला तुम्हाला अल्मोड्याला न्यायचंय.

कुमाऊंचे डोंगर. याच हिमालयाच्या रांगांत, शेजारच्या गढवालात, १९७० च्या दशकात बायाबापड्यांनी झाडांना मिठ्या मारल्या आणि 'चिपको' घडलं. अल्मोड्याच्या 'उत्तराखंड सेवा निधी' या संस्थेनं १९८० च्या दशकाच्या शेवटी केंद्राच्या शिक्षण खात्याच्या मदतीनं सहावी ते आठवीसाठी एक अभ्यासक्रम बसवला. त्याचं मध्यवर्ती पात्र कोण? वाघ नाही, देवमासा नाही. मुलाचं स्वतःचं गाव! गाव नावाचं यंत्र चालतं कसं, ते मुलांनी मोजून काढायचं. सरपणाची मोळी किती किलोची? घराला महिन्याला किती लागतात? गुराला चारा किती? तो येतो कुठून?

झऱ्याचं पाणी कसं मोजाल? साधनं फक्त दोन: बादली आणि घड्याळ. आपण करून बघू. समजा, पावसाळा संपताना गावच्या धारेखाली दहा लिटरची बादली ठेवली आणि ती चाळीस सेकंदांत भरली. म्हणजे मिनिटाला पंधरा लिटर. दिवसाला २१,६०० लिटर. गावात साठ घरं असतील तर घरामागे ३६० लिटर, चैन आहे! आता तीच बादली ऐन उन्हाळ्यात ठेवा. समजा, भरायला चार मिनिटं लागली. दिवसाला ३,६०० लिटर. घरामागे? साठ. मोजक्याच कळश्या. त्यात स्वयंपाक, अंघोळ, धुणं आणि गुरं.

बादलीला कुणी काही शिकवलेलं नसतं. पण ती भरेपर्यंत जे चार मिनिटं तिथं उभं राहिलं, त्या मुलाच्या डोक्यात प्रश्न उगवतो: पाणी गेलं कुठं? मग ते वर बघतं. डोंगरावर बांजाचं, म्हणजे तिथल्या ओक वृक्षांचं जंगल असेल तर खाली पाचोळ्याची जाड गादी असते. पाऊस तिच्यावर पडतो आणि स्पंजासारखा आत मुरतो, मग महिनोन्‌महिने थेंबाथेंबानं झऱ्यात उतरतो. जंगल गेलं की गादी गेली. गादी गेली की पाऊस येतो तसा घसरून जातो आणि उन्हाळ्यात बादली भरायला चार मिनिटं लागतात. आईच्या डोक्यावरची मोळी, वरचं जंगल आणि खालची बादली एका दोरीत ओवलेली आहेत, हे त्या मुलानं स्वतः मोजून शोधलेलं असतं. सांगितलेलं विसरतं. मोजलेलं विसरेल?

आणि शासनाची साथ म्हणजे काय, ते इथं दिसतं. संस्थेनं थोड्या शाळांत सुरू केलेला हा प्रयोग, उत्तराखंड वेगळं राज्य झाल्यावर, तिथल्या सरकारनं शाळांच्या नेहमीच्या अभ्यासक्रमात घेतला. एका संस्थेला जे शेकडो शाळांत करताना धाप लागते, ते सरकारनं मनावर घेतलं की हजारो शाळांत पोहोचतं. छोटं रोप कुणीही लावावं, पण त्याला पाटाचं पाणी द्यायचं बळ सरकारकडेच असतं.

तिसरी गोष्ट शासन देऊ शकतं ती म्हणजे जागा. मुंबईत धारावीला लागून, मिठी नदीच्या काठी, एकेकाळी शहराचा कचरा टाकला जायचा. वर्षानुवर्षांचा कचरा, त्यावर घारी, खाली धुमसणारा धूर. त्या ३७ एकरांवर आज जंगल उभं आहे! मुंबई महानगर प्रदेश विकास प्राधिकरणानं निसर्गप्रेमी संस्थांना सोबत घेऊन तिथं माती आणली, झाडं लावली आणि १९९४ साली 'महाराष्ट्र निसर्ग उद्यान' खुलं झालं. कशासाठी? मुख्यतः शाळेच्या मुलांसाठी.

मुंबईत ३७ एकर म्हणजे काय, हे मुंबईकराला सांगायला नको. त्या भावाची जमीन मुलांना फुलपाखरं दाखवण्यासाठी राखून ठेवायची! आणि तिथं आलेल्या मुलांना शिक्षकांनी एकच वाक्य सांगितलं तरी ते पुरतं: "तुम्ही उभे आहात ना, त्याच्या खाली कचरा आहे." मुलं पायाखाली बघतात, मग वर झाडांकडे बघतात. बिघडलेलं दुरुस्त होऊ शकतं, हे सांगणारा याहून भक्कम धडा कुठल्या पुस्तकात मिळेल?

आणि चौथी गोष्ट, पैसे. २००१-०२ मध्ये केंद्राच्या पर्यावरण मंत्रालयानं 'राष्ट्रीय हरित सेना' सुरू केली. शाळेत एक पर्यावरण मंडळ, एक शिक्षक, तीस-पन्नास मुलं. आपल्याकडे तिची जबाबदारी सामाजिक वनीकरण विभागाकडे आली. बरीच वर्षं एका शाळेला मिळणारं अनुदान होतं वर्षाला २,५०० रुपये. इतकं कमी? हो. पण २,५०० रुपयांत काय यायचं ते मोजा: चार खुरपी, दोन घमेली, रोपांच्या पिशव्या, मोजपट्टी, एक जाड वही, आणि उरल्या पैशात एसटीनं जवळच्या देवराईपर्यंतची एक सहल. बाकी सगळं, म्हणजे माती, पाऊस, मुंग्या आणि मुलांचं डोकं, फुकटच असतं! बघता बघता देशभरात अशा शाळांची संख्या एक लाखावर गेली.

या आकड्यांच्या मागे उभा आहे एक अवाढव्य आकडा: भारतातल्या शाळांत सुमारे २५ कोटी मुलं शिकतात. ब्राझील देशाची सगळी लोकसंख्या धरली तरी त्याहून कमी भरते. एवढ्या मुलांनी आठवड्यातून एक तास आपल्या भोवतालाकडे नीट पाहिलं तर? जगातली कुठली वेधशाळा, कुठली प्रयोगशाळा इतक्या डोळ्यांची आहे?

'तर' हा शब्द इथं महत्त्वाचा, कारण हे सगळं बिघडतं कुठं तेही मला दिसतं. पर्यावरणाचा प्रकल्प द्यायचाय म्हणून आदल्या रात्री स्टेशनरीच्या दुकानात धाव घ्यायची, छापील चित्रं आणायची, फाइलमध्ये चिकटवायची, वर चमकी लावायची. मुलाचा हात मातीला लागलेला नाही, वहीत एकही आकडा त्याचा स्वतःचा नाही, आणि श्रेणी मात्र 'अ'. माझा जीव तुटतो. एवढी जळती नदी, एवढे निकाल, एवढी सोळा वर्षं, आणि शेवटी नुसती चमकी? तास, पुस्तक, जागा, पैसे या चारही गोष्टी शासन देऊ शकतं. त्या तासात मुलाला बाहेर न्यायचं, थांबू द्यायचं, मोजू द्यायचं, हे मात्र शिक्षकांच्या आणि आपल्या हातात. ज्या बाईंनी "आजीला विचारून ये" एवढंच सांगितलं, त्यांनी न्यायमूर्तींचा आदेश खऱ्या अर्थानं पाळला.

आता त्या संध्याकाळी पुढे काय झालं ते सांगते.

गृहपाठ संपला तरी भाचीची पेन्सिल थांबेना. मी तिला अल्मोड्याच्या बादलीची गोष्ट सांगितली होती. ती उठली आणि बेसिनच्या ठिबकणाऱ्या नळाखाली स्टीलचा पेला ठेवला. घड्याळासमोर उभी. दहा मिनिटांत पेला काठोकाठ. पेला २०० मिलिलिटरचा. हिशेब आम्ही दोघींनी मिळून केला: तासाला सव्वा लिटरला जरा कमी, दिवसाला जवळजवळ २९ लिटर, वर्षाला साडेदहा हजार लिटर. ती आकड्याकडे बघत राहिली. "आत्या, मे महिन्यात आपल्याकडे येतो तो टँकर केवढा असतो?" भाऊ आतून ओरडला, "दहा हजार लिटरचा!"

म्हणजे एका ठिबकत्या नळातून वर्षाला अख्खा टँकर. दुसऱ्या दिवशी सकाळी तिनं बाबाला हाताला धरून दुकानात नेलं आणि काही रुपयांचा एक वायसर आणला. नळ गप्प झाला.

पण तिच्या वहीत मला नंतर जे दिसलं त्यानं मी चकित झाले. बाईंनी दिलेल्या 'पाणी कुठून येतं?' या प्रश्नाखाली तिनं स्वतःचा एक प्रश्न लिहिला होता, जो कुणीच दिला नव्हता. 'पाणी कुठे जातं?'

कानपुरात हाच प्रश्न विचारायचा राहून गेला होता. हरिद्वारलाही.

आम्ही नकाशा काढला. तिचं बोट बेसिनपासून निघालं. गटारातून मुठेत. संगमावर मुळा भेटली. मुळा-मुठा पुढे भीमेला मिळाली. भीमा उजनीच्या धरणात शिरली आणि धरणातून पुढे निघाली. बोट एका गावापाशी थांबलं, तिनं नाव वाचलं आणि मान वर केली.

"आजी, पंढरपूरला तू बुडी मारतेस ती नदी हीच ना?"

आई ओट्यापाशी तांदूळ धूत होती. ती काही बोलली नाही. पातेल्यातलं धुवण बेसिनमध्ये ओतायला तिनं हात उचलला होता. तो तसाच वळवून ती गॅलरीत गेली आणि ते पाणी तिनं तुळशीला घातलं.